डालडा

परतूरसारख्या तालुक्याच्या गावात वनस्पती तूप कोणत्याही कंपनीचं असो, जुनं गिऱ्हाईक ‘डालडा’च मागतं. या शब्दाचं मूळ संस्कृतात शोधू नये, फारसीतही नको. डाडा हे एका डच कंपनीचं नाव. लीव्हरने त्यात आपला ‘ल’ घुसवला आणि 1937 मध्ये डालडा बाजारात आला. पातळ तेल हायड्रोजनने घट्ट करण्याची युक्ती मात्र विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनज्ञाची. तिचं पेटंट 1902 चं.

पण कढवलेल्या तुपावर वाढलेल्या घरांत हा डबा शिरणार कसा? ते काम लिंटास या जाहिरात संस्थेचं. पडद्यावर छोटा चित्रपट, गावोगाव फिरणारी गाडी, डब्यावर माडाचं झाड. परतूर तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात. कचेरीत उर्दू, म्हणून जाहिरातीला तिथे इश्तिहार म्हणायचे. (आपली ‘जाहिरात’ही अरबी ‘जाहिर’वरूनच आलेली.)

मला खरी गंमत वाटते ती व्याकरणाची. घोडा-घोड्याचा, तसा डालडा-डालड्याचा. बोर्नव्हिटाही आकारान्तच, पण ‘बोर्नव्हिट्यात’ असं क्वचितच कानावर येतं. डालड्याचं सामान्यरूप मात्र बिनबोभाट झालं. नुसतं नाव नव्हे, त्याची निंदाही मराठीच झाली: पोरगं पायरी चढताना धापा टाकू लागलं, की म्हातारी माणसं म्हणायची, “डालड्यावर पोसलेली पिढी ही!”