डी.फार्म.च्या वाटा कुठे आखल्या गेल्या?

"डी.फार्म. झालं, आता पुढे काय?" हा प्रश्न मला इंदूरहूनही येतो आणि बेळगावहूनही. उत्तरासाठी जरा मागे जाऊ.

पूर्वी दवाखान्यात औषध बनवून द्यायचा तो कंपाउंडर. डॉक्टरांच्या हाताखाली बघून बघून शिकलेला. बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवणारा. 1930-31 मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने देशातल्या औषधांच्या कारभाराची चौकशी केली. 1932 मध्ये महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात औषधशास्त्राचं शिक्षण सुरू केलं. पण पदवीधर मूठभर. गावोगावच्या काउंटरवर उभं कोण राहणार?

1948 चा फार्मसी कायदा इथे आला. त्याने जुन्या कंपाउंडरांना हाकललं नाही. 5 वर्षांचा अनुभव असेल, तर पहिल्या नोंदवहीत नाव घातलं. मला हे शहाणपणाचं वाटतं. पुढच्यांना मात्र शिक्षण सक्तीचं झालं. पदविका घडली ती या काउंटरसाठी, आणि आजही तिचा पहिला हक्क तोच: नोंदणी करून स्वतःचं मेडिकल काढणं किंवा रुग्णालयात औषधनिर्माता होणं.

म्हणूनच सर्टिफिकेट भाड्याने देण्याचा प्रकार मला खटकतो. भिंतीवर नाव तुमचं, गोळ्या देणारा भलताच. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावं, हे तर त्या कायद्याचं 42 वं कलम. चुकीचं औषध गेलं, तर चौकशी तुमच्या दारात येते.

औषध निरीक्षक व्हायचंय? पदवी लागते. बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. माझ्या मते बहुतेकांना हीच वाट परवडते. 2008 मध्ये आलेला फार्म.डी. डी.फार्म.वाल्यांनाही खुला आहे, पण तो 6 वर्षांचा. रुग्णालयात डॉक्टरांबरोबर काम करण्याची खरी ओढ असेल, तरच तिकडे जा.

आता शिकणाऱ्यांनी 2022 च्या नियमांतली एक्झिट परीक्षा लक्षात ठेवावी: 3 पेपर, प्रत्येकात 50 टक्के. आणि नोंदणी राज्याच्या परिषदेकडे होते. पुण्याहून हैदराबादला जाऊन काम करणार असाल, तर दुकान शोधण्याआधी तिथल्या नोंदवहीत नाव घालण्याचं बघा.