जास्वंदीचे फळ कुठे आहे?

फुलाचे भाग शिकवायचे म्हटले की आपण सारे शिक्षक जास्वंदीकडे धावतो. फूल मोठे, पाकळ्या सुट्या, पुंकेसरांची नळी ठसठशीत, आणि बारा महिने मिळणारे. 'अंडाशयाचे फळ होते' असे फळ्यावर लिहून आम्हीही पुढे सरकत असू. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारले, "मग जास्वंदीचं फळ दाखवा ना!" शाळेभोवतीची सगळी झुडपे पालथी घातली. फळ एकही नाही.

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. १७५३ मध्ये लिनियसने हिचे नाव ठेवले हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, म्हणजे चीनचा गुलाब. त्यापूर्वीच ती मलबारात होती. कोचीनचा डच अधिकारी व्हान रीड याच्या 'हॉर्टस मलबारिकस' (१६७८–१६९३) या बारा खंडांच्या ग्रंथात तिची नोंद आहे. (रंगभट, विनायक पंडित व आपुभट या कोकणी वैद्यांनी या ग्रंथाला मदत केली, त्यांचे नागरी लिपीतले पत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. संधी मिळाल्यास मुलांना जरूर दाखवावे.) मात्र चीन असो की मलबार, जास्वंद होती ती बागेत, परसात आणि देवळापाशी. रानात नव्हे. अलीकडे काही वनस्पतिशास्त्रज्ञ तिला पॅसिफिक बेटांवरच्या दोन जातींचा जुना संकर मानतात.

संकरित झाडात गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून पराग व बीजांडे बऱ्याचदा निकामी निघतात. शिवाय आपण जास्वंद बियांपासून लावतच नाही. पावसाळ्याच्या तोंडाला पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी तिरपी कापायची, खालची पाने काढायची, सावलीत ओल्या मातीत खोचायची. काही आठवड्यांत मुळे फुटतात. शेजारणीकडून फांदी आणली की शेजारणीचेच झाड आपल्या अंगणात येते. गल्लीतली दहा झुडपे अशा रीतीने एकच झाड असू शकतात! त्यांच्यात पराग इकडून तिकडे गेले तरी ते स्वपरागणच. आणि एकाला जो पिठ्या ढेकूण मानवतो, तो दहांनाही मानवणार.

पण जास्वंद अगदीच वांझ नाही. १८२० च्या सुमारास मॉरिशसमध्ये चार्ल्स टेलफेअरने तिचा तिथल्या जातीशी संकर केला. विसाव्या शतकात हवाई बेटांवर तर संकरित वाणांची लाटच आली. त्या सगळ्यांना बी धरलेच होते.

तेव्हा आम्ही आता असे करतो. सकाळी उमललेल्या लाल फुलाच्या पाचही कुक्षींवर दुसऱ्या रंगाच्या एकेरी जास्वंदीचे पराग बोटाने लावायचे आणि देठाला दोरा बांधून तारीख लिहायची. बहुतेक फुले दुसऱ्या दिवशी गळतात. एखादे टिकले तर भेंडीच्या नात्यातले छोटे बोंड धरते, आणि वाळल्यावर ते तडकते. ती मुलगी आता आठवीत आहे. मधल्या सुट्टीत दोरे मोजायचे काम तिच्याकडे आहे.