गिअरबॉक्सपासून काट्यापर्यंत

स्कॅनरवर पी ०५०० हा कोड दिसला की बऱ्याच गॅरेजांत पहिला विचार येतो तो सेन्सर बदलण्याचा. नवा सेन्सर बसतो, बिल होते, आणि चार दिवसांनी गाडी खड्ड्यात आदळली की काटा पुन्हा शून्यावर. वास्तविक तो कोड एवढेच सांगतो की वेगाची खबर कॉम्प्युटरपर्यंत नीट पोचत नाही. खबर देणारा बिघडलाय की मधली वाट तुटलीय, ते आपण शोधायचे असते. या सेन्सरचे कूळ पाहिले तर वाटेचे दुखणे किती जुने आहे ते लक्षात येते.

कुळाचा मूळपुरुष म्हणजे ओटो शुल्झे या जर्मन संशोधकाने १९०२ साली पेटंट घेतलेला स्पीडोमीटर. त्यातली युक्ती त्याहून जुनी. तांब्याची तबकडी फिरवली की तिच्यावर टांगलेली चुंबकसूचीही तिच्यामागे फिरू लागते, हे पॅरिसमध्ये आरागोने १८२४ साली दाखवले होते. कारण पुढे फॅरेडेने उलगडले. शुल्झेने ते उलटे मांडले. फिरतो तो चुंबक, आणि त्याला न शिवता भोवती बसते धातूची वाटी. चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे उठतात, ती ओढली जाते, एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग.

हे मीटर इतके भक्कम की शतकभर टिकले. नाजूक होती ती केबल. गिअरबॉक्सचे किंवा चाकाचे फिरणे मीटरपर्यंत आणणारी, नळीत फिरणारी पोलादी तारांची पीळदार दोरी. प्रीमियर पद्मिनी, जुनी मारुती ८००, बजाज चेतक, सगळ्यांत ती होती. ग्रीस वाळले की काटा थरथरायचा, नळी जास्त वाकली की आतली दोरी तुटायची. जाणता मिस्त्री मीटरला हात लावायच्या आधी केबलचे वरचे टोक सोडवायचा, चाक उचलून हाताने फिरवायला सांगायचा आणि दोरीचे चौकोनी टोक फिरते का बघायचा. फिरले तर दोष मीटरमध्ये, नाही तर खाली. मधोमध तोडून पाहायची ही रीत आजही सगळ्यात भरवशाची आहे.

ऐंशीच्या दशकात इंजिनाच्या कॉम्प्युटरलाही वेग हवासा झाला. सुरुवातीला केबल तशीच ठेवून मीटरच्या आतच एक रीड स्विच बसवला गेला. जपानी मापाप्रमाणे केबल किलोमीटरला ६३७ फेरे घेते. फेऱ्याला चार स्पंद धरले तर किलोमीटरला २५४८. मग केबल गेली, सेन्सर खाली गिअरबॉक्सवर बसला आणि दोरीच्या जागी वायर आली.

त्या सेन्सरचे आजोळ बाल्टिमोरचे. चुंबकाचा जोर तारेवर पडतो, आतल्या प्रवाहावर नव्हे, असे मॅक्सवेलने लिहिले होते. बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एडविन हॉल या विद्यार्थ्याला ते पटले नाही. १८७९ साली त्याने काचेवर चिकटवलेल्या सोन्याच्या वर्खातून वीज सोडली, तो चुंबकासमोर धरला, आणि वर्खाच्या आडव्या कडांमध्ये अगदी सूक्ष्म विद्युतदाब सापडला. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अठरा वर्षे होती! पाठ्यग्रंथावर शंका घेणाऱ्या या विद्यार्थ्याबद्दल मला फार आदर वाटतो. अर्धवाहक आल्यावर तो सूक्ष्म दाब कामाला येण्याइतका मोठा झाला.

गिअरबॉक्सवरच्या, याच तत्त्वावर चालणाऱ्या हॉल सेन्सरला बहुधा तीन वायरी असतात: सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. कपलर काढून चावी ऑन केली की सप्लायवर ५ किंवा १२ व्होल्ट मिळायला हवेत. बऱ्याच गाड्यांत सिग्नलच्या वायरवरही कॉम्प्युटर स्वतःचा व्होल्टेज ठेवतो. तो नसेल तर सेन्सरला दोष देण्यात अर्थ नाही. नंतर कपलर लावून, मागच्या बाजूने पिन घालून, इंजिन फिरवते ते चाक उचलून सावकाश फिरवावे. सिग्नल शून्य आणि भरल्या व्होल्टेजमध्ये उड्या मारतो. सेन्सरपाशी उड्या आहेत आणि कॉम्प्युटरपाशी नाहीत, तर वायर मधेच गेली. नुसत्या ओमवर विसंबू नये. दहा तारांपैकी एकच शाबूत असली तरी मल्टीमीटर ‘ठीक’ म्हणतो. १२ व्होल्टच्या सप्लायवर छोटा बल्ब लावला की खरे कळते. कॉम्प्युटरकडून येणाऱ्या ५ व्होल्टवर मात्र बल्ब लावू नये. कपलरच्या पिना नीट पाहाव्यात. कोकणातल्या एका पावसाळ्यातही तांब्यावर हिरवा कळंक चढतो.

आता बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सवर सेन्सरच नाही. बॉशचे एबीएस १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आले, प्रत्येक चाकाला सेन्सर बसू लागला, आणि हळूहळू वेगाची खबरही तिथूनच येऊ लागली. आपल्याकडे १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींनाही २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. चाकापाशी वायर स्टिअरिंगच्या प्रत्येक वळणाला वाकते, चिखल खाते. शिवाय यातल्या नव्या सेन्सरांना दोनच वायरी असतात आणि ते व्होल्टेजने नव्हे, प्रवाहाने बोलतात: एकदा सुमारे ७ मिलिअँपिअर, एकदा १४. त्यांच्यावर ओम लावून काही कळत नाही; मीटर वायरीच्या मधे जोडून चाक फिरवावे लागते.