पाण्याखालचा प्रकाश मोजणारा कॅमेरा

समुद्राचे पाणी किती पारदर्शक आहे, हे ठरविण्याची जुनी पद्धत अगदी साधी आहे. इटलीतील शास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते, ते पाहिले. ही तबकडी आजही वापरली जाते. मात्र पाण्यात कोणत्या दिशेने किती प्रकाश येतो, हे तिच्यावरून कळत नाही.

पाण्याखालून वर पाहिले, तर सारे आकाश सुमारे ९७ अंशांच्या वर्तुळात सामावलेले दिसते. सूर्याच्या बाजूला डोळे दिपविणारा झोत, तर खाली मंद निळसर उजेड असतो. पूर्वी अरुंद नळीचा प्रकाशमापक एकेका कोनात फिरवून ही मोजणी करीत. ती पुरी होईपर्यंत सूर्य सरकलेला असे, एखादा ढगही येऊन जाई. यावर उपाय म्हणून रेमंड स्मिथ, ऑस्टिन व टायलर यांनी फिश-आय लेन्सचा कॅमेरा पाण्यात उतरविला. त्याचे वर्णन १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. एका छायाचित्रात अर्धा गोल टिपला जाई, पण फिल्मच्या काळेपणावरून प्रकाश काढणे हे कष्टाचेच काम. मायामी विद्यापीठाचे केनेथ व्हॉस यांनी १९८९ मध्ये इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांची यंत्रणा मांडली, तेव्हा ते सुकर झाले.

अर्थात, कॅमेरा जलरोधक पेटीत ठेवला की मापक तयार झाला, असे नाही. लेन्सच्या कडेला प्रकाश कमी पोहोचतो, पाण्यात तिची संवेदनशीलता बदलते. म्हणून ज्ञात प्रकाशाशी तुलना करून प्रत्येक बिंदूचे अंशांकन करावे लागते. शिवाय उपकरणाची स्वतःचीच सावली खालच्या दृश्यात पडते. व्हॉस यांच्या २००५ च्या आवृत्तीत आकार लहान करण्यामागे हेही कारण होते.

हा खटाटोप उपग्रहांसाठी मोलाचा आहे. समुद्रातून वर येणारा प्रकाश सर्व दिशांना सारखा नसतो आणि उपग्रह बहुधा तिरकस पाहतो. १९९९ मध्ये सोडलेल्या भारताच्या ओशनसॅट-१ वरील रंगमापक कॅमेरा तर पाण्यावरील सूर्याची चकाकी टाळण्यासाठी मुद्दाम २० अंश कलता ठेवता येई. कोनाचा हा फरक वजा केला नाही, तर पाण्यातील हरितद्रव्याचा अंदाज चुकू शकतो. कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांना मासे कोठे सापडण्याची शक्यता आहे, हे सांगणारी हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेची सूचना याच हरितद्रव्यावर आणि पाण्याच्या तापमानावर बेतलेली असते.