तळटीप : रक्ताच्या तपशिलातील ‘एनए’ आणि ‘के’

१. ग्रंथकर्त्याने येथे उल्लेखिलेला कागद म्हणजे रक्तातील क्षारांचा तपशील होय. बोम्मसंद्र्याच्या नारायण हृदयालयासारख्या रुग्णालयात हृदयरुग्णांसाठी असा कागद वारंवार निघतो, आणि त्यावर सोडियमसाठी ‘एनए’ व पोटॅशियमसाठी ‘के’ ही अक्षरे पाहून, जे नावात नाही ते चिन्हात कोठून आले, हा प्रश्न चौकस वाचकास पडणे स्वाभाविक आहे. हंफ्री डेव्ही यांनी 1807 साली विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने ही दोन्ही मूलद्रव्ये प्रथम विलग करून त्यांस इंग्रजीत रूढ झालेली नावे दिली. परंतु जर्मन विद्वानांनी ‘नेट्रियम’ व ‘कॅलियम’ ही नावे पसंत केली, आणि स्वीडनच्या बर्झेलियस यांनी लॅटिन आद्याक्षरांवर उभारलेल्या आपल्या चिन्हपद्धतीत अखेर तीच कायम केली. पैकी ‘कॅलियम’चे मूळ अरबी ‘अल्-कली’, म्हणजे वनस्पतींच्या राखेतील क्षार. तर ‘नेट्रियम’चे मूळ ‘नेट्रॉन’, म्हणजे प्राचीन मिसर देशात सरोवरांच्या काठी सुकून जमणारा व प्रेते टिकविण्यास वापरला जाणारा सोडा, ज्याचा सगोत्र क्षार बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरातूनही पूर्वी काढीत असत. वेश लॅटिन असला तरी वतन पूर्वेकडचे, हे आपल्या शालेय पुस्तकांत आवर्जून नमूद व्हावयास हवे. सोने, रुपे, लोखंड, शिसे यांची चिन्हे मात्र सरळ रोमन नावांवरून आली. सदर कागदावर पोटॅशियमचा आकडा साधारणतः 3.5 ते 5 या मर्यादेत असावा लागतो. तो फार वाढल्यास हृदयाची लय बिघडते, सबब पुढील प्रकरणातील डॉक्टर प्रथम ‘के’चीच ओळ वाचतात.