भरवशाची प्रार्थना (ख्रिस्ती)

देव आपले ऐकतो, या खात्रीने केलेली प्रार्थना. तिला आधार नव्या कराराचा. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय विश्वासणाऱ्यांना कृपेच्या राजासनापाशी धैर्याने यायला सांगतो. योहानाचे पहिले पत्र त्याला एक अट जोडते: मागणे देवाच्या इच्छेला धरून हवे. मध्यरात्री भाकरीसाठी दार ठोठावणारा मित्र आणि न्यायाधीशाचा पिच्छा न सोडणारी विधवा हे दोन्ही दाखले येशूने चिकाटीच्या बाजूने दिले. मात्र मागितले ते मिळेलच, अशी हमी या भरवशात नाही. पौलाने तीनदा विनवूनही त्याच्या देहातला काटा निघाला नाही.

मराठीत या प्रार्थनेला स्वतःचा सूर मिळाला तो मुख्यतः अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला ठाणे उघडले आणि 1842 मध्ये येथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी उपासनेसाठी मराठी गीते रचली. नगरच्याच कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी कीर्तनाचा बाज घेऊन ख्रिस्तकथा सांगितली, तेव्हा टाळ-मृदंगाशी जन्मापासून ओळख असलेल्या श्रोत्यांना ती परकी वाटण्याचे कारण उरले नाही.

या वाटेवरचे सर्वांत मोठे नाव म्हणजे नारायण वामन टिळक (1861–1919). रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावच्या या कवीने 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नंतरची कितीतरी वर्षे नगर व राहुरीत काढली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, हे ते मोकळेपणाने सांगत. वारकरी विठोबाशी भांडतो, रुसतो, हट्ट धरतो. कारण समोरची माउली आपल्याला टाकणार नाही हे त्याला ठाऊक असते. टिळकांनी तीच सलगी अभंगात आणली आणि ख्रिस्ताला आई व गुरू म्हणून हाक मारली. इब्री पत्रातले धैर्य दरबारात शिरणाऱ्याचे आहे, टिळकांचे पदर धरणाऱ्या लेकराचे. मराठी ख्रिस्ती मनाला हे दुसरे अधिक मानवले, असे म्हणायला हरकत नाही. 1917 मध्ये साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे जागा होती.

नवऱ्याच्या धर्मांतराने पोळलेल्या टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावरच. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे अपुरे काव्य पुढे नेण्याचे कामही त्यांनीच केले.

शेजारच्या पुणे जिल्ह्यात, केडगावच्या मुक्ती सदनात, हाच भरवसा वेगळ्या रूपात दिसला. तेथे 1905 मध्ये पंडिता रमाबाईंच्या आश्रमातील मुली रडत, ओरडत, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. शिस्तीच्या उपासनेची सवय असलेल्यांना तो गोंगाट खटकला. रमाबाईंनी तो थांबवला नाही.

कॅथलिक परंपरेत भरवशाला मध्यस्थीची जोड असते. नगर जिल्ह्याच्याच श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव हे एकेकाळी साखर कारखान्यामुळे ओळखले जाणारे गाव. आज ते मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेसाठी अधिक प्रसिद्ध आहे. मरियेच्या जन्मोत्सवाच्या, म्हणजे 8 सप्टेंबरच्या सुमारास ही यात्रा भरते. त्याआधी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) होतो, जपमाळ म्हटली जाते आणि भाविक आपले गाऱ्हाणे मरियेच्या कानी घालतात. प्रॉटेस्टंट शिकवण देवाकडे थेट जाण्यावर भर देते. ख्रिस्ताखेरीज दुसरा मध्यस्थ तिला मान्य नाही, आणि ‘अमुक दे, मग तमुक वाहीन’ ही नवसाची देवघेव तर मुळीच नाही. कॅथलिक धर्मशिक्षणही प्रार्थनेला सौदा मानत नाही. मरियेने आपल्यासाठी विनवावे, एवढेच ते मागायला सांगते. हा वाद धर्मपंडितांचा. हरेगावला येणाऱ्यांत मात्र ख्रिस्ती नसलेले भाविकही मोठ्या संख्येने असतात.