माइनमुळातून हृदयापर्यंत : मुलुंडची एक संशोधनशाळा

ठाणे परिसरातील औषध-उद्योगाचा इतिहास बहुधा कारखाने आणि कामगार यांच्या अंगाने सांगितला जातो. हृदय व रक्तवाहिन्यांवरील औषधे शोधणारे तरुण संशोधकही याच पट्ट्यात तयार झाले, ही बाब त्यात सहसा येत नाही. ठाण्याच्या अलीकडच्या स्थानकाजवळ, मुलुंड येथे, हेक्स्ट या जर्मन कंपनीचे संशोधन केंद्र 1972 मध्ये सुरू झाले आणि भारतीय वनस्पतींमधील औषधी द्रव्ये पद्धतशीर तपासण्याचे काम तेथे हाती घेण्यात आले.

तत्पूर्वी मुंबईत असे शिक्षण मिळे ते मुख्यतः रुग्णालयात. परळच्या केईएममधील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेमुळे रक्तदाब उतरतो, हे रुग्णांवरील नोंदींच्या आधारे 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले. पुढे त्याच रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी श्वानांवरील प्रयोगांच्या तयारीनंतर 16 फेब्रुवारी 1968 रोजी भारतातील पहिले हृदयारोपण केले. मात्र सर्पगंधेतील रिसर्पिन हे क्रियाशील द्रव्य शुद्ध रूपात हाती आले ते 1952 मध्ये, स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात, सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत. रुग्णाच्या खाटेपाशी उभा राहिलेला प्रश्न रेणूपर्यंत नेण्याची सोय येथे नव्हती, आणि मुलुंडचे महत्त्व आहे ते याच ठिकाणी.

तेथील पद्धत सांगायला सोपी होती : वनस्पतीचा अर्क काढायचा, त्याचे अंश पाडायचे, प्रत्येक अंशाचा परिणाम प्राण्याच्या हृदयावर व रक्तदाबावर पाहायचा आणि ज्यात गुण दिसेल तोच अंश पुन्हा विभागायचा. त्या काळच्या महाविद्यालयांत काजळी धरलेल्या फिरत्या ढोलावर बेडकाच्या हृदयाचे ठोके उमटवायला शिकवीत, पण त्या प्रयोगाचे उत्तर आधीच ठाऊक असे. येथे ते कोणालाच ठाऊक नसे, आणि गुण मध्येच नाहीसा झाला तर दोष हाताचा की द्रव्यच नाशवंत, याचा निवाडा काम करणाऱ्यालाच करावा लागे. स्वतंत्र संशोधक घडतो तो अशा निवाड्यांतून, पदवीपत्रातून नव्हे.

याच पद्धतीने माइनमूळ, म्हणजे गुजरातेत गरमर म्हणून लोणच्यात घातले जाणारे मूळ, तपासले गेले. त्यातून मिळालेल्या फोर्स्कोलिनची रासायनिक रचना सुजाता भट, नोएल डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केली, तर हे द्रव्य हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढवते आणि त्याच वेळी रक्तदाब उतरवते, हे मुलुंडचे दोहाडवाला व भट्टाचार्य यांनी जर्मन सहकाऱ्यासह 1978 मध्ये दाखवले.

पुढे मात्र सर्पगंधेचे झाले तेच याही मुळाचे झाले. फोर्स्कोलिन पेशीतील अॅडेनिलेट सायक्लेज या विकराला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, थेट चेतवते, हा उलगडा 1981 मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे झाला. त्याचे पाण्यात विरघळणारे रूप तीव्र हृदय-अपयशावरील औषध म्हणून 1999 मध्ये बाजारात आले ते जपानमध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी मुलुंडचे केंद्र निकोलस पिरामल कंपनीकडे गेले होते.